काटेवाल्यांचे नव्वद दिवस

बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची वेळ कुणावर येत नसे. सोनाराचा नाजूक तराजू असो की लोखंडाच्या वखारीतला छातीएवढा वजनकाटा, बिघडला की तो काटेवाल्यांकडेच यायचा. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. काटा उघडायचा, पुसायचा, दोन पारड्यांतला फरक म्हणजे पासंग काढायचा, आणि मग आपली पारखलेली वजनं एकेक करून चढवत तो खरं बोलतो की खोटं, ते बघायचं. एका फळवाल्याने एकदा हळूच सुचवलं, "काका, थोडा आमच्या बाजूने झुकवा की." काटेवाले शांतपणे म्हणाले, "झुकवतो ना. फक्त तशी पाटी लिहून काट्याला अडकवायची." फळवाला पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

अंदाज या शब्दाचं त्यांना वावडं होतं. बायकोने "अंदाजाने दोन मैल असेल" म्हटलं की ते नकाशा काढून बसत. बायकोही काही कमी नव्हती. पस्तीस वर्षं पाळणाघर चालवलेली बाई ती. रडकी पोरं आणि हट्टी बाप्ये दोन्ही एकाच सुरात गप्प करायची. तिचं म्हणणं एवढंच, की हा माणूस जगाचं ग्रॅममध्ये मोजतो आणि स्वतःचं मात्र मुठीने.

त्यात खोटं काही नव्हतं. सात वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या तपासणीत त्यांच्या किडन्या मंदावल्याचं कळलं होतं. किडनी मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ. म्हणजे किडनी निम्म्यालाही थोडी कमीच चालते, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. सांभाळलं तर पुष्कळ वर्षं जातील, वेदनाशामक गोळ्यांना मात्र हात लावू नका, असंही बजावलं होतं. काटेवाल्यांनी पहिली दोन वर्षं पथ्य पाळलं. पण किडनी दुखत नाही, गुडघा दुखतो. वीस-वीस किलोची वजनं उचलून दोन्ही गुडघे झिजले होते. मग कधीतरी एक गोळी, मग रोज एक, मग सकाळ-संध्याकाळ. "अगं, लहानशी तर असते," असं ते बायकोला सांगत.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि काटेवाल्यांचं पोट बिघडलं. तीन दिवस उलट्या आणि जुलाब. पाण्याचा घोट ठरेना. पण रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही म्हणून ती घेतली, आणि अंग ठणकतंय म्हणून गुडघ्याचीही घेतली. चौथ्या दिवशी चेहरा सुजला. लघवी जवळजवळ बंद झाली. बायकोने औषधासाठी चमचा पुढे केला तर ते म्हणाले, "हा नको, पन्नास ग्रॅमचं वजन दे." आणि तेही अगदी गंभीरपणे. ती हसली नाही. तिने चपला घातल्या आणि दारासमोर गाडी बोलावली.

रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन नऊच्या वर गेलं होतं. मानेत नळी घालून त्याच दुपारी डायलिसिस सुरू झालं. शरीरातलं रक्त यंत्रातून फिरवून गाळायचं आणि परत आत सोडायचं. किडनीचं काम यंत्राने करायचं. तीन वेळा झाल्यावर काटेवाले भानावर आले, आणि भानावर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती दिवस?"

किडनीच्या डॉक्टरबाई चाळिशीच्या, बुटक्या, चष्मा केसांत खोवून तोच शोधत फिरणाऱ्या होत्या. त्या पलंगाच्या कडेला स्टूल ओढून बसल्या.

"काका, खरं सांगू? आज मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही तर मग कुणाला?"

"चांगल्या किडनीवर असा घाव बसला असता, तर बरीचशी भरून येईल असं म्हटलं असतं. तुमची आधीच थकलेली होती. थकलेल्या माणसाला ढकललं की तो उठतो का, किती उठतो, उठायला किती वेळ लावतो, हे त्या दिवशी कळत नाही. आम्ही साधारण नव्वद दिवस बघतो. तोवर यंत्राची गरज सुटली तर सुटली. नाही सुटली, तर बहुतेक कायमची."

"टक्के सांगा."

बायकोने कपाळावर हात मारला. पण डॉक्टरबाईंना प्रश्न आवडलेला दिसला. त्यांनी कागद घेतला. वय, आधीचं क्रिएटिनिन, लघवीतून प्रथिनं किती जातात, साखरेचा आजार आहे का, आता लघवी किती होते, असं एकेक लिहीत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आलेल्या जुन्या रुग्णांवरून आम्ही एक गणित बसवलंय. तुमच्यासारख्या तिघांपैकी एक जण नव्वद दिवसांत यंत्रावरून सुटतो."

काटेवाल्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "म्हणजे मी त्या तिघांतला कितवा?"

"तेवढंच गणिताला सांगता येत नाही, काका."

चाळीस वर्षं ज्या माणसाने 'जवळपास' हा शब्द दुकानात येऊ दिला नाही, त्याला आता तिघांतला एक या आशेवर घरी पाठवलं. दिवसाआड डायलिसिसला यायचं, लघवी मोजून लिहायची, पाणी मापात प्यायचं. त्यातच दुसरा प्रश्न उभा राहिला. कायमचं डायलिसिस करायचं तर मानेतली नळी पुरत नाही. डाव्या हाताच्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने जोडाव्या लागतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तो तयार व्हायला काही आठवडे जातात, म्हणून लवकर केलेला बरा. पण एकदा केला की त्या हाताने जड उचलणं बंद. दूरच्या शहरात असलेल्या लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, करून टाका. आणि तसंच असेल तर माझी एक किडनी घ्या."

"तुझी तुझ्याकडे असू दे," काटेवाले म्हणाले. "माझी अजून संपावर आहे, मेलेली नाही."

फोन ठेवल्यावर मात्र ते डावा हात उलटा-सुलटा करून बघत राहिले. डाव्या हाताने दांडी धरायची, उजव्याने वजन ठेवायचं. सगळा जन्म त्यात गेला होता. बायको शेजारी येऊन बसली. पाळणाघरात रडून थकलेल्या पोराच्या पाठीवर ठेवायची तसा तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेसाठी पाच आठवड्यांनंतरची तारीख धरली. "तोवर किडनीने काही हालचाल दाखवली तर पुढे ढकलू."

हालचाल दिसायलाही लागली होती. रुग्णालयातून निघताना दिवसाला दीडशे मिलिलिटर लघवी व्हायची, ती तिसऱ्या आठवड्यात अडीचशेच्या पुढे गेली. काटेवाले रेघा आखलेलं भांडं उजेडात धरून डोळ्याच्या पातळीवर आणून वाचत. बायको म्हणे, "सोनाराचं दुकान झालंय नुसतं." पण एक विचित्र गोष्ट होऊ लागली. डायलिसिसच्या शेवटच्या तासाला त्यांच्या पिंढऱ्यांत गोळे येत, डोळ्यांपुढे अंधारी येई, रक्तदाब धाडकन पडे. सिस्टर धावत येऊन पाय वर करायची, नळीतून सलाईन सोडायची. आणि दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा शंभरावर उतरलेली असायची. मग जरा चढायची, की पुन्हा डायलिसिसचा दिवस.

"पाणी जास्त पिताय का, काका?" सिस्टरने विचारलं. ती त्या विभागात पंधरा वर्षं होती आणि रुग्णांच्या सगळ्या लबाड्या तिला पाठ होत्या.

"मापाने पितो."

"काट्यावर तर पावणेतीन किलो जास्त दिसताय. ते काढायला नको?"

डायलिसिसमध्ये साठलेलं पाणीही काढतात. किती काढायचं ते वजनावरून ठरतं. अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं, त्याला तिथे कोरडं वजन म्हणत. काटेवाल्यांचं ते एकसष्ट किलो लिहिलेलं होतं, कारण आजाराआधी आपलं वजन एकसष्ट होतं हे त्यांनीच छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांच्या दुकानातला काटा खोटं बोलणं शक्यच नव्हतं. येताना काट्यावर उभं राहायचं, एकसष्टच्या वर जेवढं दिसेल तेवढं पाणी काढायचं. साधा हिशोब होता, म्हणून कुणी त्याकडे पुन्हा बघत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात काटेवाल्यांना जरा उभारी आली. डायलिसिसला जाता जाता वाटेत त्यांनी दुकान उघडायला लावलं. नुसतं बघायचं म्हणून. आत धूळ बसली होती. जुन्या सवयीने त्यांनी मोठ्या काट्यावरचं फडकं काढलं आणि त्यावर उभे राहिले. बासष्ट किलो चारशे ग्रॅम. तासाभराने रुग्णालयाच्या काट्यावर उभे राहिले तर त्रेसष्ट किलो आठशे.

ते खाली उतरले. पुन्हा चढले. पुन्हा त्रेसष्ट आठशे.

"अगं," त्यांनी बायकोला विचारलं, "वाटेत मी काही खाल्लं का?"

"काही नाही."

"दगड वगैरे?"

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चमच्याऐवजी पन्नास ग्रॅमचं वजन मागितलं होतं तो दिवस तिला आठवला असावा. पण या वेळी नवऱ्याचे डोळे लख्ख होते. दुकानात काटा उघडताना असायचे तसे.

"सिस्टर, हा काटा खोटं बोलतोय," ते म्हणाले.

सिस्टरला राग आला. आपल्या विभागाचा तिला अभिमान होता. "काका, गेल्याच महिन्यात तो दुरुस्त होऊन आलाय. बघा, कुणी नसताना बरोबर शून्य दाखवतो."

"शून्याला सगळेच खरं बोलतात हो. वजन पडल्यावर कळतं."

वाद वाढायच्या आत डॉक्टरबाई आल्या. काटेवाल्यांनी त्यांच्या हातात आपली वही दिली. कुठल्या दिवशी गोळे आले, रक्तदाब किती पडला, दुसऱ्या दिवशी लघवी किती उतरली, सगळं ओळीने लिहिलेलं. डॉक्टरबाई उभ्याउभ्याच वाचत होत्या. वाचता वाचता खाली बसल्या.

"रक्तदाब पडला की किडनीला रक्त कमी पोचतं," त्या सावकाश म्हणाल्या. "ती उठायला बघतेय, आणि दर दोन दिवसांनी आपणच तिला पुन्हा खाली पाडतोय, असं असू शकेल." मग त्या थेट बोलल्या, "काका, तुमच्याकडे खात्रीची वजनं आहेत?"

इतका अपमान त्यांचा आयुष्यात कुणी केला नव्हता, आणि इतका आनंदही कुठल्या प्रश्नाने झाला नव्हता.

बायको दुकानात गेली आणि चाकांच्या बॅगेत पाच-पाच किलोची चार वजनं घालून परत आली. वाटेत कुणीतरी विचारलं, "काकू, गावाला?" ती म्हणाली, "नवऱ्याचा जीव ओढत चाललेय." काटेवाले मानेतली नळी सांभाळत खुर्चीत बसून होते, वजनं ठेवायचं काम सिस्टरनेच केलं. पहिलं ठेवलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. वीस किलो व्हायला हवे होते. काट्याने वीस किलो साडेचारशे ग्रॅम दाखवले.

"चढत जाईल तसं खोटं वाढत जातं," काटेवाले म्हणाले. "वीसला साडेचारशे, तर माझ्या वजनाला जवळपास..." जीभ अडखळली. 'जवळपास' त्यांच्याच तोंडून निघालं होतं. "एक किलो चारशे."

सिस्टर काट्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मी दर वेळी यांचं सव्वा-दीड लिटर जास्तीचं काढत होते."

"तू नाही काढलंस, काट्याने काढलं," काटेवाले म्हणाले. "माझ्या धंद्यात याला वापरणाऱ्याची चूक म्हणत नाहीत. दुरुस्तीनंतर वजन न चढवता ज्याने परत पाठवलं, त्याची चूक."

डॉक्टरबाईंनी मात्र जबाबदारी अंगावरून झटकली नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा रक्तदाब तीनदा पडला तेव्हाच मला थांबून विचारायला हवं होतं. मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि तुमच्याकडे कमी बघितलं. चुकलं माझं." त्याच दिवशी तो काटा बाजूला झाला, आणि त्या महिन्याभरात त्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक रुग्णाचं कोरडं वजन पुन्हा ठरवलं गेलं. पुढच्या पलंगावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या पायांतले गोळेही थांबले. त्यांनी काटेवाल्यांना दुरूनच हात जोडले, तर हे गृहस्थ लाजून भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढचे आठवडे मोजण्यातच गेले. रक्तदाब पडेनासा झाला. पाचव्या आठवड्यात लघवी चारशेवर गेली, सहाव्यात आठशेवर. शस्त्रक्रियेची तारीख आली तेव्हा डॉक्टरबाईंनी ती पंधरा दिवस पुढे ढकलली, मग आणखी पंधरा. दिवसाआडचं डायलिसिस आठवड्यात दोनदा झालं, मग एकदा. एका आठवड्यात लघवी पुन्हा साडेपाचशेवर घसरली आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली. काटेवाले जेवले नाहीत. बायकोने वही ओढून घेतली आणि म्हणाली, "पोरगं चालायला शिकताना बदकन बसतंच. म्हणून काय त्याला आयुष्यभर कडेवर घ्यायचं? उठा." ते उठले, जेवले. दोन दिवसांनी आकडाही उठला.

चोपन्नाव्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "या आठवड्यात यंत्र नको. नुसतं रक्त तपासू." क्रिएटिनिन वाढलं, पण थोडंसंच. पुढच्या तपासणीत जागेवर राहिलं. त्याच्या पुढच्या वेळी खाली आलं. फिस्टुलाची तारीख रद्द करून मानेतली नळी काढली त्या दिवशी सिस्टरने भोकावर पट्टी इतक्या हळुवार लावली, की काटेवाल्यांना ती कधी लावली ते कळलंच नाही.

नव्वदावा दिवस शनिवारी आला. क्रिएटिनिन दोन पूर्णांक सहा.

"एक पूर्णांक नऊ होतं," काटेवाले म्हणाले.

"तिथे ते बहुतेक परत जाणार नाही, काका. आधी तुमची किडनी निम्म्याला जरा कमी होती. आता साधारण पाव हिस्सा उरलीय. पण हा पाव तुम्हाला यंत्राशिवाय चालवतोय. गुडघ्याची गोळी कायमची बंद. उलटी-जुलाब झाले तर त्याच दिवशी मला फोन, कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते मी सांगेन. दर तीन महिन्यांनी तपासणी."

"आणि पुढे?"

त्यांनी पुन्हा कागद घेतला. "हे जपलंत, तर पुढची पाच वर्षं यंत्राशिवाय काढण्याची शक्यता निम्म्याहून जास्त धरते मी. त्यापुढचं आत्ता सांगणार नाही. आपण दोघंही दर तीन महिन्यांनी हा कागद नव्याने लिहू."

मग काटेवाल्यांनी मनात घोळत असलेलं विचारलं. "तो काटा सापडला नसता तर मी त्या दोघांत गेलो असतो ना?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "सांगता येत नाही. तुम्ही तसेही सुटला असता, कदाचित उशिरा. कदाचित नसता सुटला. काटा सापडला ते चांगलंच झालं, एवढं मी नक्की म्हणेन. बाकीचं 'नक्की' माझ्याकडे नाही."

बायकोला वाटलं, आता हा माणूस वाद घालणार. पण काटेवाल्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चालेल. तुमचा अंदाज माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांच्या खात्रीपेक्षा बरा आहे."

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं, पण सकाळचे चार तासच. मोठे काटे घेणं बंद केलं. सोनारांचे आणि औषधवाल्यांचे नाजूक तराजू तेवढे घेतात. गुडघा दुखला की गरम पाण्याची पिशवी, आणि एक तरुण व्यायामशिक्षिका सांगते त्या पायांच्या कसरती. कसरती करताना ते जे तोंड करतात, ते बघायला शेजारच्या काकू मुद्दाम दारात येतात.

सहा महिने झाल्यावर दोघं पहिल्यांदा लेकीकडे निघाले. दहा तासांचा बसचा प्रवास. दिवसाआड रुग्णालय गाठायचं होतं तोवर इतक्या लांब जायचा विचारही शक्य नव्हता. बस सकाळी आठला सुटली. डॉक्टरबाईंनी ठरवून दिलेलं पाणी काटेवाले वेळेवर, बाटलीवरच्या रेघा बघून पीत होते. दुपारपर्यंत त्यांनी तीनदा बस थांबवली. चौथ्यांदा ते उठले तेव्हा ड्रायव्हर आरशातून बघत वैतागून म्हणाला, "काका, पुन्हा?"

सगळी बस हसली. बायको मात्र आपल्या जागेवरून ताडकन उभी राहिली.

"थांबवा हो गाडी," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "या लघवीसाठी आम्ही नव्वद दिवस देव पाण्यात घालून बसलो होतो. आता आलीय तर येऊ द्या."

ड्रायव्हरने निमूटपणे गाडी कडेला घेतली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती आणि वारा सुटला होता. काटेवाले पायऱ्या सांभाळून उतरले, आणि सावकाश, कसलीही घाई न करता, झाडाच्या दिशेने चालू लागले.